ज्ञानूचा सूर्य आणि येडूच्या म्हशी

सोलापुरात तेव्हा माणसाचा फोटो निघायचा तो लग्न लागल्यावर, नाहीतर मेल्यावर. ज्ञानू फोटोवाला दोन्ही काढायचा, घर त्यावरच चालायचं. जीव मात्र अडकला होता मावळत्या सूर्यात. काम नसलं की कॅमेऱ्याची तिपायी खांद्यावर टाकून तो कंबर तलाव गाठायचा. सूर्य मधोमध घेऊ नये, एका अंगाला सारावा. पुढून एखादी वाट आत गेलेली असावी, म्हणजे नजर तिच्यावरनं चालत सूर्यापाशी जाते, असं तो समजावून सांगायचा. ऐकायला बायको वच्छला.

"नजर जाती वो," ती म्हणायची, "पर जाऊन करती काय? माणूसच न्हाय त्यात. कोण टांगंल?"

खरंच कुणी टांगत नव्हतं. गावातल्या एका भिंतीवर तरी आपला सूर्य लागावा, एवढंच ज्ञानूचं मागणं होतं.

बत्तीस सालच्या दिवाळीआधी एक काच फक्कड साधली. तेव्हा फोटो आधी काचेवर उठायचा, मग कागदावर छापला जायचा. तलावाकडची वाट, वाटेवर येडू गवळ्याच्या चार म्हशी, मागं पाण्यावर सूर्य. खालची रिकामी जमीन ज्ञानूनं कापून टाकली. आभाळ फिकं पडलेलं, म्हणून छापताना बाकीचं पुठ्ठ्यानं झाकून ढगांना तेवढं जादा ऊन पाजलं. ढग असे उठले की वच्छलासुद्धा चूल सोडून बघायला आली.

कापडदुकानदार चनबसप्पा वडलांचा फोटो न्यायला आला होता. त्याची नजर सूर्यावर गेली.

"झ्याक हाय की. पर मावळता सूर्य दुकानात लावत न्हाईत."

"मग उगवता म्हणून लावा की, अण्णा. कागदावर दोन्ही सारखेच."

चनबसप्पाला पटलं. आईला दाखवून येतो म्हणून घेऊन गेला आणि पडलेल्या तोंडानं परत आला. आई चन्नम्मा मैंदर्गीची, म्हशींत वाढलेली. तिनं फोटो डोळ्याशी धरला आणि कानडीत म्हणाली, "होट्टी तुंब्याव."

"पोटं भरल्यात म्हणती," चनबसप्पानं सांगितलं. "चरायला निघालेल्या म्हशीचं पोट असं नसतंय. ही सांजच."

भिंत हातातनं चालली. ज्ञानूनं शिसपेन्सिलीला टोक काढलं. काचेवर पेन्सिल फिरवली की कागदावर तेवढी जागा उजळते. त्यानं वाटेची धूळ चारी पोटांत आत आत सरकवली. एका बैठकीत चार म्हशी उपाशी. नवा छापलेला फोटो बघून चन्नम्मानं मान डोलावली आणि तो दुकानात लागला.

चार दिवसांत येडू दारात हजर.

"ज्ञानूबा, माझ्या म्हशी का वाळवल्या?"

"आरं, चित्र हाय ते."

"चित्र हाय तर दुसऱ्याच्या म्हशी घ्यायच्या. ती म्होरली, मोडक्या शिंगाची, माझी रत्नी. सारी पेठ वळखती तिला. गिऱ्हाईक म्हणतंय, म्हशीच्या पोटात काय न्हाय, मग दूध तलावाचं घालतूस का?"

येडूनं उत्तराची वाट पाहिली नाही. म्हशींना पेंड, कडबा पोटभर चारून त्यानं चौघींना चनबसप्पाच्या पायऱ्यांशी आणून उभं केलं.

"आदी ह्या बगा, मग भिंतीवरच्या बगा."

माणसं जमली. कुणीतरी दुकानातला कापड मापायचा गज आणून रत्नीचं पोट मापायला लागला. रत्नीनं तेवढ्यात पायरीवर शेणाचा पो टाकला. चनबसप्पानं फोटो उतरवला आणि येडूच्या हातात दिला.

"ने बाबा. उगवता बी नको, मावळता बी नको."

येडू तसाच ज्ञानूकडे आला. "पोटं परत घाला."

ज्ञानूनं ती काच पुन्हा बाहेर काढली. मग कापसाचा बोळा टर्पेंटाईनमध्ये बुडवून त्यानं काचेवरची पेन्सिल पुसली आणि नवा फोटो छापून फ्रेममध्ये घातला.

"पर आता ही सांज दिसंल बघ."

"दिसू दे की. धारा काढायची येळ ती. आमच्यात सांज लई चांगली."

फोटो येडूच्या दूध घालायच्या ओट्यावरच्या भिंतीला लागला. ज्ञानू तांब्या घेऊन मुद्दाम रांगेत जाऊन उभा राहिला. पुढचा म्हणाला, पोटं कशी गच्च हायत. त्याच्या पुढचा म्हणाला, कास बी बरी दिसती.

"आन् सूर्य?" ज्ञानूनं न राहवून विचारलं.

"कुटं हाय सूर्य?"

येडूनं फ्रेमला झेंडूचा दांडगा हार घातला होता. ज्ञानूनं पुढं होऊन तो बोटानं बाजूला सारला. पांढराफेक गोल बाहेर आला. माणसानं वाकून पाहिलं.

"ते व्हय? मला वाटलं, लोण्याचा गोळा हाय."

ज्ञानूनं दूध घेतलं. घरी येऊन तांब्या चुलीपाशी ठेवला आणि वच्छलाला म्हणाला, "टांगला."