कॉर्व्हेट पळण्यासाठी बांधलेली नव्हती

ट्रेनिंग संपलं आणि मुंबईच्या गोदीत माझं पोस्टिंग कॉर्व्हेटवर, म्हणजे एका छोट्या लढाऊ जहाजावर, झालं. हुद्दा सिग्नलमन. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. मोठी जहाजं मिळालेली पोरं आमची बोट बघून हसली. माझ्यापुढे जहाजावर चढायच्या गँगवेवर एक शिडशिडीत पोरगा किटबॅग खांद्यावर टाकून उभा होता. गाव विचारलं तर दिघाशी म्हणाला. मी वळ गावचा. दोघंही भिवंडी तालुक्यातले, आणि ओळख व्हायला गोदी गाठावी लागली. त्याचं नाव दामू.

हे इतक्या वर्षांनी लिहायला बसलो, त्याला कारण एक मोटार आहे. मी आता भिवंडीत एका लूमच्या कारखान्यात मुकादम आहे. आमच्या सेठचा पुतण्या अस्लम अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. त्याने एका गाडीचं रंगीत चित्र आणून माझ्यापुढे धरलं. लाल, दोनच माणसं बसतील एवढी, जमिनीला चिकटलेली. नाव कॉर्व्हेट.

“चाचा, आप तो नेव्ही में थे ना? ये नाम जंगी जहाज का है. कंपनीने वहीं से उठाया. छोटा और एकदम तेज!”

“छोटं, हे खरं,” मी म्हणालो. “तेज कोणी सांगितलं तुला?”

“तेज नहीं था तो गाडी को नाम क्यूं दिया?”

“ते कंपनीला विचार. मी जहाजावर होतो, कारखान्यात नव्हतो.”

लूमवरची पोरं हसली. अस्लमला वाटलं, म्हातारा उगाच अडून बसलाय. बसलोच होतो. ज्यांना जहाज माहीत नाही त्यांनी मला त्याचा वेग सांगू नये.

शिडांच्या जमान्यात कॉर्व्हेट ही हलकी, चपळ लढाऊ बोट असायची, हे मलाही ठाऊक आहे. पण महायुद्धातल्या कॉर्व्हेट देवमासे मारणाऱ्या बोटींच्या धर्तीवर घाईघाईत बांधलेल्या होत्या. इंग्रजांनी त्यांना फुलांची नावं दिली होती. वास मात्र तेलाचा आणि ओकारीचा. पाणबुडी पाण्यावर येऊन पळायला लागली तर ती आमच्या पुढे जायची. जरा वारा सुटला की जहाज असं लोळायचं की ताटातला भात शेजाऱ्याच्या मांडीवर. काम एकच. मालवाहू जहाजांच्या ताफ्याबरोबर चालायचं, मागे पडलेल्याला हाकत आणायचं आणि पाणबुडी आली तर मध्ये उभं राहायचं. पळून जाण्याची सोय त्या बोटीत नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती.

दामू डेप्थ चार्जवर होता. डेप्थ चार्ज म्हणजे स्फोटक दारूने भरलेलं पिंप. जहाजाच्या मागच्या टोकाला त्यांची रांग असते. पिंप पाण्यात सोडायचं, ठरलेल्या खोलीवर गेलं की पाण्याच्या दाबाने ते फुटतं. खोली एका किल्लीने लावायची. त्याच किल्लीने ते ‘सेफ’वर आणता येतं. ट्रेनिंगमध्ये आमच्याकडून एक गोष्ट घोकून घेतली होती. आपलं जहाज बुडायला लागलं तर आधी सगळी पिंपं सेफ करा. नाहीतर जहाजाबरोबर तीही खाली जातात, फुटतात, आणि वर पोहत असलेली आपलीच माणसं मरतात. दामू किल्ली गळ्यात बांधून झोपायचा. पोरं त्याला मंगळसूत्रवाली म्हणून चिडवायची. तो दोन शिव्या हासडून कूस बदलायचा.

त्या दिवशी आम्ही अरबी समुद्रात ताफ्याच्या मागच्या बाजूला होतो. दुपारचं जेवण नुकतंच आटोपलं होतं. पाण्याखालचा आवाज टिपणाऱ्या यंत्रावर पाणबुडीची चाहूल लागली. ॲक्शन स्टेशन्सचा हुकूम सुटला, जो तो लढायच्या आपापल्या जागी धावला. दामूच्या टोळीने पिंपं तयार केली. पहिली फेरी झाली. पाणबुडीचा ठाव लागेना. कॅप्टनने जहाज दुसऱ्या फेरीसाठी वळवलं आणि त्याच वेळी टॉर्पेडो आमच्या नाकात शिरला.

कॅप्टन जिथून जहाज चालवतो त्या ब्रिजवर मी पडलो होतो. उठलो तेव्हा पुढचा भाग पाण्याखाली चालला होता. मागच्या टोकाशी बोलायची लाईन बंद पडली होती.

“अबँडन शिप!” कॅप्टन ओरडला. मग माझ्याकडे वळला. “सिग्नल्स! मागे पळ. चार्जेस सेफ आहेत का बघ.”

मी पळालो. डेक चढासारखा झाला होता. मागे दामू एकटाच होता. टोळीतला एक जण स्फोटाने पाण्यात फेकला गेला होता, दुसरा तिथेच मरून पडला होता. दामू एका पिंपाला पोटाशी धरून किल्ली फिरवत होता.

“सेफ झाली का?”

“न्हाय. चार हायेत अजून.”

“ऑर्डर आहे, जहाज सोडायची.”

“मंग सोड ना तू.”

“मी मदत करतो.”

“किल्ली एकच हाय. तू काय दातांनी फिरवशील?” त्याने वर पाहिलंही नाही. “जा रघ्या. उडी मार आन लांब जा. हितं उभा राहून माजा उजेड अडवू नको.”

मी उडी मारली. यासाठी मी कुणाची माफी मागत नाही. किल्ली खरंच एक होती.

पाण्यात तेल होतं. आमची माणसं तराफ्यांना, फळ्यांना धरून होती. जहाजाचं मागचं टोक वर उचललं गेलं. दामू ताडावर चढल्यासारखा रांगेच्या लोखंडाला पायांनी विळखा घालून बसला होता. हात चालूच होते. मी ओरडलो, “दाम्या, उडी मार!” त्याने ऐकलं नसेल. ऐकलं असतं तरी ऐकलं नसतं. मग जहाज गेलं.

पेटी ऑफिसर, म्हणजे आम्हा खलाशांवरचा मुकादम, ओरडला, “पेट पानी के ऊपर करो! सब लोग!” खालून स्फोट आला तर तो पोट फाडतो. आम्ही फळ्यांवर पोट टेकवून वाट पाहिली. कोणी राम म्हणत होतं, कोणी अल्ला. पाणी तसंच हलत राहिलं. स्फोट झाला नाही. पेटी ऑफिसरने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला रडू फुटलं.

संध्याकाळ व्हायच्या आत ताफ्यातली दुसरी कॉर्व्हेट वळून आम्हाला घ्यायला आली. सावकाश आली, पण आली. माझ्या लेखी वळून येणं हाच त्या नावाचा अर्थ आहे. गाडीला ते नाव द्यायचं तर खुशाल द्यावं. वेगाची बढाई मात्र माझ्यापुढे मारू नये.

सुट्टी मिळताच मी दिघाशीला गेलो. दामूचे वडील, तात्या, अंगणात बसले होते. चार माणसं जमली. मी घडलं ते सगळं सांगितलं. डेप्थ चार्ज कुणाला कळेना, म्हणून पाण्याच्या कळशीत दगड टाकून दाखवलं. जमलेल्यांतला एक जण तोंड वाकडं करून म्हणाला, “इंग्रजासाठी मेला बिचारा. फुकट गेला.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी उठणार, तोच तात्या उठले. त्यांनी माझा दंड धरला आणि मला त्या माणसापुढे उभं केलं.

“ह्याला बघ नीट. माजा दामू मागं रायला म्हणून ह्यो हितं उभा हाय. ह्यो इंग्रज हाय काय रं?”