खांद्यावरची कावड

खारकोंडीच्या मिठागरात एक गोष्ट कुणी कुणाला शिकवत नसे. मीठ बाईने डोक्यावरून न्यायचं आणि बाप्याने खांद्यावरून. बाईला टोपली, बाप्याला कावड. वजन जवळजवळ सारखंच, बांधही तोच. पण घाईगर्दीत एखाद्या गड्याने टोपली डोक्यावर घेतली, तर पुढचा सगळा हंगाम त्याला लोक लुगड्याचा रंग विचारत.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत, उलव्याच्या अलीकडे खाडीकाठी सिनेमावाल्यांनी उभारलेल्या मिठागरात वीस पुरुष डोक्यावर टोपल्या घेऊन एका रांगेत चालताना दिसले, तेव्हा खारकोंडीचा कमळाकर घरत बांधावर बसला आणि पोट धरून हसला. तो अडुसष्ट वर्षांचा. सडपातळ, ताठ, अंगात बंडी, डोक्याला रुमाल. पुतण्या हितेश उलव्यात रेती-खडी पुरवतो. सिनेमाला जागा त्यानेच मिळवून दिली होती आणि काकाला शूटिंग बघायला घेऊन आला होता.

दिग्दर्शक सत्यजीत जवळ आला. "काका, काही चुकलं का?"

"चुकला काय नाय. बायका बऱ्या चालल्यात."

"ते पुरुष आहेत, काका."

"तुमी म्हनता म्हनून."

आजूबाजूचे गावकरी हसले. सत्यजीतने मात्र विचारून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी विसांच्या विसांना कावडी आल्या. सेटवरच्या कावडी कमळाकरला पटल्या नाहीत. बांबू नवा होता, त्याला लवचीकपणा नव्हता. त्याने घरातली आपली कावड आणली. ती त्याच्या बापाची. खांद्याच्या जागी बांबू घासून गुळगुळीत झालेला. त्या दिवसापासून त्याला कामावर ठेवलं, नायिकेला कावड शिकवण्यासाठी.

सिनेमा एका जुन्या कादंबरीवरचा. लिहिणारे शाळामास्तर आता हयात नाहीत. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा. मैना नावाची मुलगी आजारी बापाची जागा टिकवण्यासाठी मुलाचे कपडे घालून मिठागरात उतरते आणि तिथेच पुरुष म्हणून राहते, अशी ती गोष्ट. मैना करणारी आभा दादरची. नाच शिकलेली, त्यामुळे पहिले दोन दिवस ती कावड घेऊन सुंदर दिसत होती आणि मीठ सांडत होती.

"नाचू नको," कमळाकर म्हणाला. "ओझा नाचल. तू सरल चाल."

"उचलतानाच खांदा दुखतो, काका."

"उचलाची नाय. तिच्याखाली जायाचा आनि उभा रावाचा."

चौथ्या दिवशी आभाच्या खांद्याची सालं निघाली. सहाव्या दिवशी ती बांधावरून न थांबता गेली आणि मीठ सांडलं नाही. कमळाकरने फक्त मान हलवली. दुपारी नव्या विमानतळावरून विमान उडालं की साउंडवाला हात वर करी आणि सगळं काम थांबे. त्या मोकळ्या वेळात आभा त्याला कादंबरी वाचून दाखवायची. तो डोळे मिटून ऐके.

"मास्तरांना मीठ ठाव नाय," तो एकदा म्हणाला, "पन पोरगी ठाव हाय."

शेवटचं पान वाचून झालं. त्यात मैना बांधाच्या टोकाशी कावड खाली ठेवते आणि गावाकडे चालू लागते. एवढंच.

"मंग कावड कोन नेतो?"

"तसं लिहिलेलं नाही, काका."

"बापाची हाय ना ती? बांधावर टाकून कोन जातं?"

आभाने पान पुन्हा वाचलं.

कमळाकर आपल्याबद्दल काही बोलला नव्हता. गावानेही नाही. लपवायचं होतं असं नाही. खारकोंडीत त्यात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. थोरलं पोर तेरा वर्षांचं असताना बापाचा पाय मोडला. मिठागरातल्या टोळीत प्रत्येक घराची एक जागा. मीठ ओढायला घरातला बाप्या आला नाही तर ती जागा दुसऱ्याला जायची. धाकटा भाऊ दहा वर्षांचा. तेव्हा पांडुरंग घरतच्या थोरल्या मुलीने केस कापले, बापाचा रुमाल बांधला आणि मीठ ओढायची फळी घेऊन पाण्यात उतरली. टोळीच्या मुकादमाने नाव विचारलं. कमळाकर, असं उत्तर आलं. मुकादमाला सगळं माहीत होतं. तो म्हणाला, "मीठ ओढता येता का ते बगू." आलं.

तीन वर्षांनी भाऊ तेरा वर्षांचा झाला. जागा आता त्याला मिळणार होती. आईने पनवेलच्या बाजारातून हिरवं लुगडं आणलं आणि कमळाकरच्या अंथरुणावर ठेवलं. त्याने ते उचलून पेटीत ठेवलं, दुसऱ्या टोळीत जागा मागितली आणि मिळवली. दहा वर्षं ते लुगडं पेटीत राहिलं. मग भावाचं लग्न झालं आणि ते नव्या सुनेला, सखूबाईला गेलं. सासूने ओळख करून दिली, हे तुजे भावजी. सखूबाईने पदर डोक्यावर घेतला. आज ती विधवा आहे, गुडघे गेलेत, पण भावजी घरात आले की पदर अजून डोक्यावर जातो.

लग्नकार्यात कमळाकर पुरुषांच्या पंगतीत बसतो. टोमणे मारणारे होते. एकाने हळदीत त्याची बंडी ओढली, त्याला त्याने सगळ्यांसमोर खाडीत ढकललं आणि पोहता येत नाही म्हटल्यावर स्वतःच बाहेर काढलं. त्यानंतर टोमणे पाठीमागे गेले. मिठागर बंद झालं, जमीन गेली, त्यावर भराव पडला. कमळाकरने चौदा वर्षं नवीन पनवेलमध्ये एका सोसायटीत वॉचमनची नोकरी केली. तिथल्या वहीत सही, क. पां. घरत. फक्त सरकारी कागदांवर तो कमळाबाई राहिला. ते कागद बदलायला दोनदा अलिबागला जाऊन आला, तिसऱ्यांदा गेला नाही.

त्या कागदांनीच घोळ केला. सेटवर पास हवा म्हणून सगळ्यांचं आधार कार्ड मागितलं. हितेशने काकाचं दिलं. ऑफिसातल्या मुलीने ते पाहिलं आणि सत्यजीतला दाखवलं.

दुसऱ्या सकाळी सत्यजीत स्वतः चहा घेऊन आला. खुर्ची ओढून समोर बसला.

"ताई," तो म्हणाला, "तुम्ही काय सोसलं असेल, मी कल्पना करू शकतो."

कमळाकरने चहा घेतला. "काल काका होतो."

"हो, पण आता कळलं ना आम्हाला."

"तुमाला कळला म्हनून मी बदललो काय?"

सत्यजीत जरा हसला. माणूस वाईट नव्हता. त्याने सरळ सांगितलं. सिनेमाचा शेवट त्याने कादंबरीपेक्षा वेगळा लिहिला होता. मैना बापाची कावड खाली ठेवते, नऊवारी नेसते आणि मिठाची टोपली डोक्यावर घेऊन बाकीच्या बायकांमागून निघते. मागून भरतीचं पाणी मिठागरात शिरतंय. अरुंद बांधावर खरं ओझं घेऊन आभाला ते जमणार नाही. लांबून घ्यायचं, अंगकाठी तीच हवी. ते कमळाकरने करावं. आणि शेवटी पडद्यावर ओळ येईल, ज्यांचं हे आयुष्य, त्या स्वतः.

"ती शेवटी स्वतःला परत मिळते, असा तो अर्थ आहे," सत्यजीत म्हणाला.

"हरवली कदी व्हती?"

"म्हणजे, तिची मजबुरी संपते. तुमचीही मजबुरीच होती ना? वडलांची जागा."

"व्हती. तीन वरसं."

"आणि नंतर?"

"नंतर पन्नासच्या वर झाली. ती मजबुरी नाय. ती माजी."

सत्यजीत म्हणाला, "चेहरा दिसणार नाही, शब्द देतो. फक्त चाल दिसेल."

"मंग तर नायच," कमळाकर म्हणाला. "चाल तर माजीच हाय." त्याने रिकामा कप खुर्चीखाली ठेवला आणि आभाला शिकवायला गेला.

घरी हितेशने विषय काढला. काकाला तो आप्पा म्हणे. "आप्पा, अर्ध्या मिनिटाचा काम हाय. लुगडा नेसला म्हंजे कोन काय होता?"

"मंग तू नेस," कमळाकर म्हणाला. "तुला चालल का?"

सखूबाई चुलीपाशी हसली. हितेशला हसायचं नव्हतं, पण तोही हसला आणि मग उठून गेला.

शेवटचं चित्रण मार्चच्या पौर्णिमेला ठेवलं होतं. उधाणाची भरती, दुपारी दीडला पाणी पूर्ण चढणार. त्याआधी अर्धा तास उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी अडवणारं लाकडी दार, वर खेचायचं. पाणी आत येणार, ट्रकने आणून रचलेलं सगळं मीठ विरघळणार. ते एकदाच होणार होतं. दुसऱ्यांदा मीठ आणायची सोय नव्हती.

कमळाकर तयार नाही म्हटल्यावर त्या दिवशी सत्यजीतने हितेशला गावातल्या बायकांकडे पाठवलं. सेटवर अशा तीसेक होत्या, जन्मभर डोक्यावरून ओझं वाहिलेल्या. त्यातल्या कुणीही डोळे झाकून तो बांध ओलांडला असता. हितेश आधी कृष्णाबाईकडे गेला. तिने आपलं जेवण झालं नसल्याचं कारण दिलं. सिनेमात मैनाची आई झालेल्या म्हातारीने मान मुरगळल्याचं सांगितलं. मग तो आपल्या आईसमोर उभा राहिला. सखूबाईची अंगकाठी भावजींसारखीच, उंचीही.

"आई, तू तरी."

"कोनाच्या जागी?"

"आप्पांच्या."

"त्यांना नेसवाचा ता मी नेसू? त्यांच्या नावान?" सखूबाईने पायातला काटा काढत विचारलं. "चाळीस वरसं भावजी म्हनते मी त्यांना. उद्या घरात काय म्हनू?"

"आई, सिनेमा हाय तो."

"मंग सिनेमातल्या बाईला सांग."

बाकीच्या बायका ऐकत होत्या. एकेक करून त्यांनी टोपल्या उपड्या घातल्या आणि त्यांवर बसल्या.

सिनेमातली बाई नऊवारी नेसून तयार होती. आभाने दोनदा प्रयत्न केला. तिला कावड येत होती; डोक्यावरच्या टोपलीने तिची मान आखडली आणि दहाव्या पावलाला मीठ पाण्यात गेलं. ती बांधावरून परत आली. "सर, पुस्तकात साडी नाहीच आहे."

"पुस्तकात बरंच काही नाही," सत्यजीत म्हणाला. त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. एक वाजायला दहा मिनिटं होती. दारापलीकडे पाणी चढून फळ्यांच्या फटींतून झिरपायला लागलं होतं.

तेव्हा कमळाकर उठला. रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला, मिठाच्या राशीपाशी गेला, कावडीच्या दोन्ही टोपल्या स्वतःच्या हाताने भरल्या.

"मी जातो," तो सत्यजीतला म्हणाला. "हाय तसा. खांद्यावरून. घ्याचा तर घ्या."

"काका, हे माझ्या शेवटात बसत नाही."

सत्यजीतच्या तोंडून काका आलं होतं. कमळाकरने ते ऐकलं.

"भरती तुमच्यासाठी थांबल तर थांबवा," तो म्हणाला आणि कावडीखाली गेला.

सत्यजीतने उघाडीवरच्या माणसांना हात केला. दार वर गेलं. पाणी आधी पिवळट फेस घेऊन आलं, मग जोरात. कमळाकर बांधावर चढला होता. गुडघे किंचित वाकलेले, मान स्थिर, बांबूची दोन्ही टोकं त्याच्या पावलाबरोबर खालीवर. मागे मिठाच्या राशी एका बाजूने खचत होत्या. त्याने वळून पाहिलं नाही.

बांधाच्या टोकाशी लाल चिंधी बांधलेली काठी रोवली होती. कावड तिथे खाली ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. तिथे तो पोहोचला, चालता चालता बांबू डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतला आणि काठी मागे टाकून पुढे गेला.

"थांबायला सांगा त्यांना," सत्यजीत वॉकीटॉकीवर म्हणाला.

पलीकडच्या सहायकाने विचारलं, "सर, कसं? मधे पाणी आलंय."

आभा हसली. टोपल्यांवर बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी शीळ घातली, आणि ती सखूबाई नव्हती असं सखूबाई अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी सिनेमाचा माणूस घरी आला. त्याला दोन टोपल्या परत हव्या होत्या. सखूबाईने त्या झटकून दिल्या. मीठ तिने सुकटीला वापरलं होतं आणि कावड घरचीच होती. त्याने एक कागदही आणला होता. काल जे चित्रित झालं ते सिनेमात वापरायला सहीची परवानगी लागत होती. त्यावर छापलं होतं, श्रीमती कमळाबाई पांडुरंग घरत.

कमळाकरने चष्मा लावून ते वाचलं आणि कागद परत दिला. "या बाईला शोदा. ती चालली नवती."

"आधारवर असंच आहे, काका."

"आदार चालला काय बांधावरून?"

चार दिवसांनी नवा कागद आला, श्री. कमळाकर पांडुरंग घरत. त्याने सही केली.

सिनेमा अजून यायचा आहे. शेवट काय ठेवला, हे सत्यजीतने कुणाला सांगितलेलं नाही. दुसरा शेवट मात्र त्याच्याकडे नाही.