पाठ असलेलं इंजिन

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला त्याच्या गाडीच्या इंजिनाचे सगळे आकडे पाठ होते. तीन सिलिंडर, हजार सीसी, इतकी हॉर्सपॉवर, तितका टॉर्क. सिहोऱ्याला आमच्याकडे जेवायला आला की वरणभातासोबत आम्हाला टॉर्कही गिळावा लागे. माझ्या सोळा वर्षं जुन्या गाडीला तो ‘डबडं’ म्हणायचा. स्वतःच्या गाडीचं बॉनेट मात्र त्याने कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. ते काम मिस्त्रीचं, विद्वानांचं नव्हे.

गेल्या मे महिन्यात भंडाऱ्याला पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. त्याच्या गाडीत एसी, म्हणून त्याच्याच गाडीने निघालो. तुमसर सोडलं आणि त्याच्यासमोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. मागून बायकोने विचारलं, हा दिवा कशाचा?

“सेन्सर खराब असन ताई,” तो म्हणाला. “आजकालच्या इंजिनाले काही होत नाही.”

मग सबंध इंजिन अॅल्युमिनियमचं असल्याचं कौतुक सुरू झालं. हलकं, म्हणून अॅव्हरेज जास्त.

दिवा इंजिन तापल्याचा होता. मी शेजारीच बसलो होतो आणि मला ते पक्कं ठाऊक होतं. डबड्याने तेवढं शिकवलं होतं. तरी मी गप्प राहिलो.

मोहाडीच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघाली आणि गाडी बंद पडली. तासाभराने मिस्त्री आला. पाण्याचा रबरी पाइप फाटलेला, रेडिएटर कोरडा. मेहुणा त्याला हॉर्सपॉवर सांगू लागला. मिस्त्रीने ते शांतपणे ऐकून घेतलं.

“पाणी कधी पायलं होतं?”

मेहुणा अॅल्युमिनियमवर आला.

“इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं हाय, साहेब. तापलं का वाकते,” मिस्त्री म्हणाला आणि गाडी ओढून न्यायला दोरखंड शोधू लागला.

मेहुणा गाडीपाशी थांबला, आम्ही एसटी पकडली. पोचलो तेव्हा पंगती उठत होत्या. परतताना बसमध्ये बायकोने हळूच विचारलं, “तुमाले मालूम होतं ना?”

मी हो म्हणालो.

“मंग बोलले काहून नाही?”

त्याची फजिती मला बघायची होती, हे तिला कसं सांगणार? तिला ते न सांगताच कळलं. चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

कंपनीनेच पाइप हलका दिला, असं मेहुणा अजून सगळ्यांना सांगतो. मी शेजारी बसून मान डोलावतो.