पिशवीची उष्णता

कारखान्याच्या चाचणी विभागात सगळे त्यांना डिग्रीकाका म्हणायचे. उभी नोकरी त्यांनी एकच काम केलं: कोणता पदार्थ किती उष्णता पोटात ठेवतो ते मोजायचं. तुकडा तापवायचा, झटकन गार पाण्यात सोडायचा, झाकण लावून पाणी ढवळायचं आणि पारा कुठवर चढतो ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. तांबं, शिसं, काच, वीट, जे समोर येईल ते. नव्या माणसाला त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं, "भांडंही थोडी उष्णता खातं. ती हिशेबात धरली नाहीस तर सगळं मुसळ केरात."

घरीही तीच खोड. कपाला बोट लावून चहा किती गरम आहे ते सांगायचे. बायको म्हणायची, "माझं डोकं किती डिग्रीला फिरतं, ते मोजा एकदा."

काका निवृत्त झाले आणि ती अंथरुणाला खिळली. हृदय थकलं होतं, हातापायांपर्यंत रक्त पोचेना. घरी पाठवताना डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "औषधाने रक्त फिरायला लागलं, तर हात आपले आपण गरम होतील. नाही झाले तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. काकांनी मात्र तेवढ्या 'तर'ला गच्च धरून ठेवलं.

बाहेर थंडी मी म्हणत होती. तिचे हात शेकायला काकांनी आधी फडक्यात गुंडाळून तापलेलं लोखंडी वजन आणलं. लोखंड आरंभशूर निघालं, तापलं चटकन आणि निवलंही चटकन. मग वीट झाली, वाळूची पुरचुंडी झाली. शेवटी रबरी पिशवीत गरम पाणी भरलं.

"तेवढ्याच वजनाचं पाणी लोखंडाच्या नऊपट उष्णता धरतं," ते तिला म्हणाले.

"हे ठाऊक होतं, तर लोखंड कशाला आणलंत?"

"मोजून पाहिल्याशिवाय कसं म्हणायचं?"

"चुकलंच हो माझं," ती हसली, आणि तेवढ्यानेही तिला धाप लागली.

रोज सकाळी ते पिशवी बाजूला काढत, शेजारी बसून चहा संपवत आणि मग तिचा हात हातात घेत. हात गारच असे. "कालच्यापेक्षा बरा आहे," ते म्हणत. ज्या माणसाने जन्मात कधी एक आकडा पदरचा घातला नाही, तो आता रोज सकाळी धडधडीत खोटं बोलत होता. तिला ते कळत होतं, आणि हे काकांनाही कळत होतं. भीतीने त्यांना घास जाईनासा झाला होता.

त्या दिवशी त्यांनी पिशवीकडे हात नेला तेव्हा ती म्हणाली, "अहो, आज राहू द्या ना. बरं वाटतंय तोवर वाटू दे."

काकांनी पिशवी तशीच ठेवली. चहा झाला. ती डोळे मिटून पडली होती. त्यांनी तिचा हात हातात घेतला. हात उबदार होता. पांघरूण नीट करून ते तसेच बसून राहिले, मोठ्याने पेपर वाचत. एका बातमीवर ती हसली नाही. झोप लागली असेल, बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने मुलगी आली. काका दबक्या आवाजात म्हणाले, "इकडे ये. आईचा हात बघ, गरम आहे. खरंच गरम आहे!"

मुलीने हात पाहिला. मग पांघरूण वर केलं. "बाबा, खाली पिशवी आहे," ती म्हणाली आणि तिने आईच्या कपाळाला हात लावला. तो तिने लगेच उचलला नाही. आई, आई, अशा दोन हाका मारल्या आणि ती पलंगाच्या कडेला बसून रडायला लागली.

काकांनी कपाळाला हात लावून पाहिला नाही. गरज नव्हती. जन्मभर दुसऱ्यांना बजावलं, तेच वजा करायचं राहून गेलं होतं.

मुलगी डोळे पुसत डॉक्टरांना फोन करायला उठली. काका पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेले. त्यांनी पाणी तापवलं, पिशवी भरली, बूच घट्ट केलं आणि परत येऊन ती तिच्या हाताखाली सरकवली.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आता कशाला?"

"तुझी मावशी यायची आहे," काका म्हणाले. "तिच्या हाताला गार लागायला नको."