संहिताचं नाक आणि अण्णांचा फोन

बंगळुरूतल्या मल्लेश्वरमचे गुंडोअण्णा मोठ्या वस्तूंचे भक्त. छत्री घेतील तर अख्खं कुटुंब मावेल अशी, डोसा मागवतील तर ताटाबाहेर लोंबणारा. निपाणीहून येऊन इथे उभा जन्म गेला, पण ही खोड काही गेली नाही. दुसरा अभिमान स्वतःच्या सरळ नाकाचा. बायकोला, महानंदाला, ते लग्नापासून लाडानं ‘नकटी’ म्हणत. त्यातला लाड फक्त त्यांनाच दिसे.

पुण्याला मुलाच्या मुलीचं, संहिताचं बारसं झालं. महानंदाच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे दोघांना जाता आलं नाही. व्हिडिओ आला, पण पाळणा बायकांच्या गर्दीत लांबवर, आणि अण्णांच्या जुन्या फोनवर बाळाचा चेहरा म्हणजे नुसता धुरकट डाग. नाक कुणावर गेलंय ते कळेना. अण्णांच्या जिवाला चैन पडेना. ते तडक दुकानात गेले आणि स्वस्तातला सगळ्यात मोठा फोन घेऊन आले.

व्हिडिओ लावला. डाग तेवढा मोठा झाला. मोठं घर, पोकळ वासा.

वरच्या मजल्यावर नागपूरचा ऋतुराज भाड्यानं राहतो, आयटीत आहे. त्याला बोलावलं. त्यानं सेटिंग उघडून पाहिलं.

“काका, स्क्रीन मोठी आहे, पण पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, जुन्या फोनइतकेच आहेत. तेवढेच ठिपके जास्त जागेत पसरले. इंचामागे उलट कमीच झाले ना.”

“म्हंजे माझी अकरा ठिपक्यांची रांगोळी ह्यांनी गेटापर्यंत ताणली म्हणा की,” महानंदा म्हणाली. “मोर मोठा झाला, पण मोर वाटंना.”

“तू स्वल्प गप्प बस की,” अण्णा म्हणाले.

ऋतुराजनं व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला. त्याची स्क्रीन अण्णांच्या स्क्रीनपेक्षा बोटभर लहान, पण ठिपके कितीतरी जास्त आणि दाटीवाटीनं बसलेले. पाळण्यात संहितानं मान वळवली आणि नाक स्वच्छ दिसलं. बसकं, इवलंसं, शेंड्याला जरा वर गेलेलं. हुबेहूब महानंदाचं.

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. नाक तेच होतं. त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायचंही त्यांना सुचलं नाही.

“किती गोड नाक आहे गं,” ते म्हणाले.

“हे लग्नात म्हणायचं हुतं,” महानंदा म्हणाली, आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितला.