एक नंबरची फाईल

“आत्याबाई, एक पुन्हा सुटला ना!” असं ओरडत सून आतून धावत आली आणि तिनं चालू काम तिसऱ्यांदा बंद पाडलं. तिच्या बसला दीड तास उरला होता.

काम होतं फायली उतरवायचं. (गाडीतून पोती उतरवतात तसं नाही, टेलिफोनच्या तारेतून!) आदिलाबादजवळ मावला गावी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मुलाचं, म्हणजे प्रकाशचं, टायपिंगचं दुकान होतं आणि तिथं नुकताच कॉम्प्युटर आला होता. सून सुनंदा दुसऱ्या दिवशी हैदराबादला नोकरीच्या परीक्षेला बसणार होती. जुने पेपर दूर कुठल्याशा कॉम्प्युटरवर एक ते वीस नंबर लावून ठेवलेले. प्रकाशनं काळ्या पडद्यावर एकच ओळ टाइप केली. तेवढ्या हुकमावर वीसही फायली पाठोपाठ येणार होत्या. पण छापायचा कागद संपलेला! तो आणायला प्रकाश आदिलाबादच्या बाजारात निघाला आणि मला खुर्चीत बसवून गेला.

“माय, नंबर दिसला का मोठ्यानं म्हण. सुनंदा आत बॅग भरून राह्यली, ती ध्यान ठेवीन. सुनंदा, एक नंबर सुटू देऊ नको! त्याच्यातच साऱ्या पेपरायची उत्तरं हायत. नाही आला तं हुकूम पुन्हा पयल्यापासून दे.”

“म्हंजे मी निस्तं मोजू?”

“निस्तं मोज.”

मोजणं मला कोण शिकवणार? जन्मभर खळ्यावर ज्वारी मोजली. पायली भरायची, ओतायची आणि म्हणायचं: लाभ, दोन, तीन. पहिल्या पायलीला आमच्यात कोणी ‘एक’ म्हणत नाही. पहिला तो लाभच! सुनेचे वडील कचेरीत कारकून. त्यांच्याकडे ज्वारी दुकानातून पिशवीत यायची. पोरीनं खळं पाहिलेलंच नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पडद्यावर एकाचा आकडा उमटला. मी गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, “लाभ!” मग दोन, तीन, चार.

सून आली. “आत्याबाई, दोनापासून काऊन सुरू केलं?”

“मी? पयल्यापासून मोजून राह्यली मी!”

वरच्या ओळी सरकून कधीच दिसेनाशा झाल्या होत्या. तिनं काम थांबवलं आणि हुकूम पुन्हा दिला.

दुसऱ्या खेपेला मी ‘लाभ’ आणखी जोरात म्हटलं. तिला वाटलं, सासू परीक्षेसाठी आशीर्वाद देते आहे. आतून उत्तर आलं, “होऊ द्या, होऊ द्या!” पाचाला पुन्हा बंद! तिसऱ्या खेपेचं वर सांगितलंच.

“तुमाले आकडे येत नसन तं तसं सांगा ना!”

“मले आकडे येत नाहीत?” माझं डोकंच फिरलं. तिनं चौथ्यांदा हुकूम दिला आणि मी, प्रकाशला कागदाच्या दुकानावर गाठून तिची तक्रार सांगावी म्हणून, फोन उचलला. तारेतून फायली येत आहेत हे मी स्वतःच सगळ्यांना सांगत होते, तरी उचलला! पडदा जागच्या जागी थांबला. सून खाली बसून रडायला लागली.

प्रकाश आला. “माय, तू म्हटलं तरी काय?”

“लाभ म्हटलं. तुह्या बापानं काय म्हटलं असतं?”

तो कागदाच्या गठ्ठ्यावर बसून हसला. मग घड्याळ पाहिलं आणि उठला. कॉम्प्युटरात शोधलं, तर एक नंबर पहिल्याच खेपेला येऊन बसला होता! सहापर्यंतच्या फायली होत्या, पुढचं काही नाही. तेवढ्या छापल्या. सून निघाली ती पाच पेपर आणि उरलेल्या चौदांची नुसतीच उत्तरं घेऊन. दारात ती माझ्या पाया पडली, पण तोंडाकडे पाहिलं नाही.

पास झाली ती. त्यात माझा काही हात नाही.

त्या दुपारी घरात आम्ही तिघंच होतो. तिघंही जगलो. मी जगले ती सुनेला बस गाठायची होती म्हणून!