बाळंतिणीचं पाणी

तुमच्या घरातल्या बाळंतिणीला तहान लागली, तर पाणी पिण्यासाठी तिला कुणाची परवानगी घ्यावी लागते? प्रश्न उद्धट वाटला तर वाटू द्या. गेल्या वर्षी मी बाळंतीण होते आणि मला परवानगी घ्यावी लागत होती. तीही अशा घरात, जिथं परवानगी हा शब्दच कुणाला सोसत नाही.

माझं माहेर हुबळीत, केशवापूरला. अप्पा छापखान्यात कामाला होते. दिवसभर लग्नपत्रिका छापायच्या आणि संध्याकाळी मालकाला विचारून, उरल्यासुरल्या कागदावर पत्रकं काढायची, असं त्यांचं आयुष्य गेलं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. आम्ही बौद्ध. नवस, विटाळ, अंगारे, मुहूर्त यांच्याविरुद्ध अप्पांनी जे जे छापलं ते आईने घरात पाळलं, आणि कॉलेजात गेल्यावर मीही तसलंच लिहून बसस्टँडवर वाटत उभी राहू लागले. लग्नानंतर मी धारवाडला, केळगेरीत राहायला गेले. पहिलं बाळंतपण म्हणून शेवटच्या महिन्यात पुन्हा केशवापूरला आले.

बाळ पायाकडून होतं. डॉक्टरीणबाईंनी हाताने चाचपून पाहिलं, सोनोग्राफी करून पाहिलं आणि म्हणाल्या, वाट बघण्यात अर्थ नाही, सीझर करू. ही बातमी शेजारी पोचायला वेळ लागला नाही. भिंतीपलीकडच्या अक्का आल्या. त्यांचं कन्नड आणि आमचं मराठी एकाच वाक्यात नांदतं.

“ऑपरेशन? मग मुहूर्त बघितला का नाही री?”

“बघितला की,” अप्पा म्हणाले. “भूल देणारे डॉक्टर ज्या दिवशी मोकळे, तो मुहूर्त.”

“तुमचं आपलं काहीतरीच, अण्णा!” अक्का हसल्या आणि माझ्याकडे वळल्या. “तुझं बरं आहे बाई. कळा नाहीत, काही नाही. झोपायचं आणि लेकरू घेऊन उठायचं.”

मी त्यांना म्हटलं, “अक्का, तुमचं पोट कापून सात थर शिवू दे, मग विचारते बरं आहे का.” आईने मला डोळ्यांनी दटावलं. पण ते खोटं ऐकून घेणं मला जमलं नसतं, आजही जमत नाही.

तयारी दोन प्रकारची चालली होती. आईने दुर्गदबैलाच्या बाजारातून डिंक, खारीक, सुकं खोबरं, अळीव आणलं आणि खलबत्त्याचा आवाज घरभर सुरू झाला. मी नखं कापली, त्यावरचा रंग काढला, रक्त लागलंच तर कोण देणार हे नवऱ्याकडून ठरवून घेतलं. कुशीवर वळून, हाताच्या जोरावर कसं उठायचं हे नर्सने दाखवलं होतं, त्याचा सराव केला. आणि घरात जाहीर करून टाकलं: सोयर पाळायचं नाही, पाचवी पुजायची नाही, बाळाला काळी तीट लावायची नाही. आई म्हणाली, “आम्ही कधी केलंय ते? मला नको शिकवू.”

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आदल्या रात्रीपासून पोटात काही घ्यायचं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. सकाळी पाठ वाकवून बसवलं, मणक्यात सुई दिली, पाय माझे राहिले नाहीत. दुखत काहीच नव्हतं, पण कुणीतरी माझ्या आत हात घालून सामान शोधतंय एवढं कळत होतं. मग मुलगी रडली. मीही रडले, पण थंडीने दात वाजत असल्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वॉर्डात आणल्यावर माझ्या ओठांवर पापुद्रे आले होते. मी पाणी मागितलं. नर्स आईला बजावून म्हणाली, “नीर कोडब्याड्री. पाणी अजिबात द्यायचं नाही हं, आजी.” भूल उतरेपर्यंतची ती सूचना होती. संध्याकाळी त्याच नर्सने मला घोटभर पाणी पाजलं, पण तेव्हा आई घरी गेली होती. आणि घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून सगळं नीट समजावलं: टाके कोरडे ठेवा, वजन उचलू नका, पाणी भरपूर प्या. तेव्हाही आई तिथं नव्हती. ती आमच्यासाठी खोली झाडून, पलंग उन्हाच्या बाजूला सरकवत होती.

घरी आले आणि पाणी बंद झालं.

गोळीपुरतं कोमट पाणी मिळायचं, तेही वाटीतून. भाकरी, तूप, मिरपुडीचं वरण, डिंकाचे लाडू हवे तेवढे. पाणी मागितलं की आई म्हणायची, “पाण्याने टाके पिकतात. थोडं सोस.”

“आई, डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय.”

“दवाखान्यातच बंद केलं होतं. माझ्यासमोर. मी काय बहिरी आहे?”

मला पलंगावरून उठायला कुशीवर वळावं लागायचं, मग कोपर, मग थांबून श्वास. माठ स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरात आई. माझे रक्ताचे कपडे ती धूत होती, मला आंघोळ ती घालत होती, बाळ अंगावर नीट लागावं म्हणून पाठीमागे उशी ती धरत होती. अशा माणसाशी भांडायचं तर कुठल्या तोंडाने? बसस्टँडवर आवाज चढवणारी मी, दात घासताना चूळ भरायला दिलेलं पाणी गुपचूप गिळत होते. आईच्या ते लक्षात आलं. दुसऱ्या दिवशीपासून ती समोर उभी राहून बघू लागली.

“थुंक.”

“थुंकले.”

“कुठं? मोरी कोरडी आहे.”

रविवारी नवरा आला, पिशवीत पाण्याची बाटली लपवून. आईने पिशवी उचलताच वजनावरून ओळखलं. “जावईबापू, पाहुणे आहात, पाहुण्यासारखे बसा,” म्हणाली आणि बाटली त्यालाच प्यायला लावली. तो भिडस्त माणूस. माझ्याकडे बघत बघत सगळी प्यायला.

दूध कमी पडू लागलं. मुलगी ओढायची, सोडायची, चिडून रडायची. लंगोट बदलायला घ्यावा तर कोरडा. अक्का येऊन म्हणाल्या, “कळा न देता झालेल्या आईला दूध उशिराच येतं,” आणि वरचं दूध सुरू करा म्हणाल्या. त्या वाक्याचा मला इतका संताप आला की टाके दुखले. पण मुलीचे ओठ सुकलेले होते. तत्त्वाने ते ओले होत नव्हते.

मग मला लघवीला आग व्हायला लागली आणि दुपारी थंडी वाजून ताप भरला. अप्पांनी रिक्षा आणली. प्रत्येक खड्ड्याला मी टाक्यांवर उशी दाबून धरत होते, आई बाळाला छातीशी घेऊन शेजारी. ह्या वेळी डॉक्टरांच्या खोलीत आई माझ्याबरोबर आत आली.

डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले. छान सुकत होते. मुलीची टाळू दाबून पाहिली, माझी जीभ पाहिली.

“नीर एष्ट कुडीतीरि? पाणी किती पिता?”

माझ्याआधी आईने उत्तर दिलं, आणि अभिमानाने दिलं. “गोळीपुरतंच देते, डॉक्टर. घोटभरही जास्त नाही. म्हणून तर टाके चांगले आहेत.”

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. पेन खाली ठेवून म्हणाल्या, “आजी, टाक्यांत पू होतो तो जखमेत जंतू गेल्याने. प्यायलेलं पाणी तिथं जात नाही. पण ते कमी पडलं की लघवीला आग होते, ताप येतो. आणि बाळ दूध ओढतं ते हिच्या अंगातल्या पाण्यातूनच. लेकरू तहानलेलं आहे.”

आईने बाळाचं टोपडं नीट केलं. मग म्हणाली, “माझ्या थोरल्या बहिणीचं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. टाके पिकले. सगळे म्हणाले, माठातलं पाणी प्यायली म्हणून. ती गेली. मला दुसरं कुणी काही सांगितलंच नाही.”

ही मावशी मला फोटोपुरती माहीत होती. ती कशाने गेली हे घरात कुणी बोलत नसे. आई माझ्यावर हुकमत गाजवत नव्हती, ती घाबरलेली होती. तिथंच तिने टेबलावरचा पेला उचलला, मला पाजला आणि रिकामा पेला भरून घ्यायला स्वतः बाहेर गेली.

औषधाने ताप उतरला. काही दिवसांत दूध वाढलं आणि लंगोट वाळत घालायला दोरी पुरेना. पुढचं बरं होणं कंटाळवाणं होतं: आधी खोलीत, मग अंगणात चालणं, खोकला आला की पोट धरणं, कापलेल्या जागेभोवतीचा बधिरपणा, जो अजून पूर्ण गेलेला नाही. आता आई उकळून गार केलेलं पाणी घेऊन मागे लागायची. तिने माफी मागितली नाही, मी मागायला लावली नाही.

अप्पांनी मात्र लगेच पत्रकाचा मजकूर लिहायला घेतला. ‘बाळंतिणीच्या पाण्यावर बंदी का?’ असं मोठ्या अक्षरांत वाचून दाखवलं. आई भाजी निवडत होती.

“इतकी वर्षं छापताय. सटवी छापली, विटाळ छापला, मुहूर्त छापला. हे का नाही छापलं?”

अप्पांनी कागद खाली ठेवला. खरं तर कारण साधं आहे. ह्या रिवाजात देव नाही, भटजी नाही, पूजा नाही. देव दिसला की आम्ही तुटून पडायचो. इथं फक्त माठावर ठेवलेलं झाकण होतं, आणि ते ठेवणारी प्रेमाने ठेवत होती. असल्या गोष्टीविरुद्ध घोषणा देता येत नाही. समोर बसून, तिच्या भाषेत सांगावं लागतं, आणि ती कशाला घाबरते हे आधी विचारावं लागतं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या घरातली कुणी सीझर होऊन घरी यायची असेल, तर निघायच्या आधी तिला रांधून घालणारी, आंघोळ घालणारी जी कुणी आहे, आई, सासू, मावशी, तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत आत न्या. खुर्ची तिला द्या, तुम्ही उभे राहा. पाणी किती, जेवण काय, टाक्यांना पाणी लागू द्यायचं की नाही, हे सगळं डॉक्टरांना तिच्याकडे बघून बोलायला सांगा. तिच्या शंका संपेपर्यंत रिक्षा बोलावू नका.